ओव्हरक्लॉक केल्यावर पीसी बंद पडतोय, फॅन नीट चालत नाहीत? व्होल्टेज वाढवायच्या आधी हे सगळं बघून घ्या

ओव्हरक्लॉक केला, म्हणजे प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलं, आणि पीसी मधेच बंद पडायला लागला की बहुतेक जण पहिलं काम काय करतात, तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज, अजून थोडं वाढवतात. कारण सगळीकडे हेच वाचलेलं असतं की सिस्टिम अनस्टेबल आहे म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. कधीकधी ते खरंही असतं. पण प्रॉब्लेम जर एसएमपीएसचा (पीसीच्या आतल्या पॉवर सप्लायचा) असेल, केबलचा असेल, यूपीएसचा किंवा भिंतीवरच्या सॉकेटचा असेल, तर व्होल्टेज वाढवून तुम्ही त्याच कमजोर जागेवर आणखी लोड टाकताय. मग पीसी आधी अर्ध्या तासाने बंद पडायचा तो पाच मिनिटात पडायला लागतो आणि माणूस अजून गोंधळतो.

हिशोब साधा आहे. प्रोसेसर जी पॉवर खातो ती फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४.६ गिगाहर्ट्झ वरून ५.० वर गेलात आणि व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं. फ्रिक्वेन्सीमुळे जेमतेम ९ टक्के वाढ, पण व्होल्टेजमुळे साधारण २७ टक्के, दोन्ही मिळून जवळजवळ ३८ टक्के जास्त पॉवर. म्हणजे १२० वॅट खाणारा प्रोसेसर १६५ वॅटवर गेला आणि ती सगळी शेवटी उष्णताच होते, जी तुमच्या त्याच कूलरला, त्याच फॅनला, त्याच बंद खोलीत बाहेर टाकायची आहे. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

आधी बघा पीसी बंद नक्की कसा पडतो

मला कोणी विचारलं की माझं पहिलं हेच असतं, की बंद कसा पडला ते सांग. "बंद पडतो" एवढ्याने काही कळत नाही.

प्लग खेचल्यासारखा एकदम काळोख झाला, आणि नंतर पॉवर बटण दाबलं तरी काहीच होत नाही, एसएमपीएसच्या मागचा खटका बंद करून थोडा वेळ थांबून परत चालू केला तरच सुरू होतो, तर एसएमपीएसने स्वतःला वाचवायला प्रोटेक्शन मारलंय. ओव्हर करंट, ओव्हर पॉवर, टेम्परेचर किंवा शॉर्ट यातलं काहीतरी.

निळा स्क्रीन आला, किंवा माऊस जागच्या जागी थिजला आणि आवाज अडकला, तर ते बहुतेक वेळा प्रोसेसर किंवा रॅमचं आहे, म्हणजे खरंच व्होल्टेज आणि सेटिंगची गोष्ट. स्क्रीन काळा झाला पण कॅबिनेटमधले दिवे चालू आहेत आणि ग्राफिक्स कार्डचे फॅन फुल स्पीडने ओरडतायत तर कार्ड पडलंय, तिथे कार्डाची केबल आणि कार्डाचा ओव्हरक्लॉक बघायचा. काहीच बंद पडत नाही पण गेम मधेच रखडतो, क्लॉक खाली येतो, तर ते थ्रॉटलिंग, म्हणजे तापल्यामुळे स्वतःचा वेग कमी करणं, कूलिंगचा विषय.

आणि एक प्रकार असा की पीसी सुरू होतो आणि चार सेकंदांनी बंद होतो, परत परत तेच. इथे लोक एसएमपीएस बदलून मोकळे होतात. आधी कॅबिनेटचं पॉवर बटण बघा, ते आत अडकून राहिलं तर मदरबोर्डाला वाटतं कोणी दाबून धरलंय आणि चार सेकंद दाबून धरलं की पीसी बंद होतो हे तर आपल्याला माहीतच आहे. पॉवर स्विचची ती छोटी वायर बोर्डावरून काढा, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवा. व्यवस्थित सुरू झाला आणि चालू राहिला तर दोष बटणाचा. पावसाळ्यात जुन्या कॅबिनेटची बटणं अशी अडकतात.

आता विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, त्यात सिस्टिम. "कर्नल-पॉवर ४१" दिसेल, ते बघून घाबरू नका, त्याचा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन झालं नाही. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा एरर नंबर) शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे एकतर पॉवर गेली किंवा सगळं पूर्ण हँग झालं. आणि त्याच्या आसपास "डब्ल्यूएचईए-लॉगर" च्या नोंदी असतील, १८ किंवा १९ नंबरच्या, तर प्रोसेसर स्वतः चुका करतोय, मग भिंतीकडे बघू नका, तुमच्या ओव्हरक्लॉककडे बघा.

सगळं स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर आणा

बायॉसमध्ये सध्याची सेटिंग प्रोफाइल म्हणून सेव्ह करा आणि डिफॉल्ट लोड करा. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) पण बंद करा, ते लोक विसरतात, पण तोही ओव्हरक्लॉकच आहे. आता स्टॉकवर टेस्ट लावा. इथेही बंद पडला तर ओव्हरक्लॉकचा काही संबंध नाही, आधी मूळ दुखणं शोधा.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या जनरेशनचा प्रोसेसर असेल तर आधी बायॉस अपडेट करा. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की या चिप जास्त व्होल्टेज मागून स्वतःलाच खराब करतायत, ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे मायक्रोकोड (चिपच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जी चिप आधीच खराब झाली आहे ती अपडेटने बरी होत नाही, ती क्लेमलाच जाते. अशा चिपवर ओव्हरक्लॉक ट्यून करत बसण्यात काही अर्थ नाही.

टेस्ट तीन भागात करा. आधी फक्त प्रोसेसरवर लोड, सिनेबेंच किंवा प्राइम९५ चं स्मॉल एफएफटी (दोन्ही लोड टाकणारी सॉफ्टवेअर), दहा-पंधरा मिनिटं. मग फक्त ग्राफिक्स कार्डवर लोड. मग दोन्ही एकत्र, ओसीसीटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर नावाची टेस्ट आहे ती हेच करते. प्रत्येक वेगळं वेगळं पास झालं आणि एकत्र लावल्यावर काळोख झाला तर तुमचा शोध निम्मा संपला, दोष एसएमपीएस, यूपीएस किंवा त्याच्या मागच्या वायरिंगमध्ये आहे. मात्र बिनब्रँडचा एसएमपीएस असेल तर ही एकत्र टेस्ट अजिबात लावू नका, फुटला तर सोबत बोर्ड घेऊन जातो.

भिंतीपासून सुरुवात

मुंबईत कोलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टची लाईट, उपनगरात जास्त करून अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, आणि एकूण बघता आपल्याकडे लाईट जायचं प्रमाण कमी आहे. त्यामुळे लोकांना वाटतं पॉवरचा प्रॉब्लेम असूच शकत नाही. पण सप्लाय चांगला असला तरी जुन्या बिल्डिंगचं आतलं वायरिंग तसं असेलच असं नाही. एका पॉइंटवरून ओढलेली बारीक वायर, त्यावर फ्रिज, त्यावर टीव्ही, तिथूनच एक्स्टेंशन बोर्ड आणि त्या बोर्डावर पीसी.

माझ्या मावसभावाचं घर परळला जुन्या चाळीत. त्याचा पीसी गेम खेळताना बंद पडायचा, दुकानदाराने सांगितलं एसएमपीएस गेला, नवीन टाक. मी म्हटलं थांब, आधी बसून बघू. तर बंद पडायच्या बरोबर आधी ट्यूबलाईट किंचित फडफडायची आणि मागे फ्रिजचा कॉम्प्रेसर घुरघुरायला लागायचा. दोन्ही एकाच वायरवर, आणि सॉकेट इतका सैल की प्लग हाताने हलवला तर आत बारीक चर्रर्र आवाज यायचा. सॉकेट उघडल्यावर आतला स्क्रू सैल आणि वायरचं टोक काळं पडलेलं. वायरमनने सॉकेट बदलला, पीसीला स्वतंत्र पॉइंट काढून दिला आणि तोच एसएमपीएस तोच ओव्हरक्लॉक आजही चालतोय.

म्हणून हे करा. लोड लावून अर्ध्या तासाने प्लगला आणि एक्स्टेंशन बोर्डाला हात लावून बघा. कोमट ठीक, गरम चटका बसत असेल किंवा प्लास्टिकचा वास येत असेल तर तिथेच थांबा. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन लावलं असेल तर काढा. पीसी थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावून तीच टेस्ट करा.

अर्थिंग पण बघा. कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की पेटतो, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. त्याने पीसी लगेच बंद पडत नाही, पण खरा शॉर्ट झाला तर करंटला जायला वाट नसते आणि ती वाट मग तुमच्यातून जाते. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या आसपास आले पाहिजेत आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. एसी लाईनवर मीटर लावायची सवय नसेल तर हे वायरमनकडूनच करून घ्या, इथे धाडस नको.

यूपीएस

मला वाटतं मुंबईत ओव्हरक्लॉकवाल्यांचा सगळ्यात दुर्लक्षित डबा हाच. घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो आणि लोकांना वाटतं ६०० म्हणजे ६०० वॅट. नाही. साधारण ३६० वॅट. १००० व्हीए वाला साधारण ६०० वॅट. बॉक्सवर किंवा मागच्या स्टिकरवर वॅट वेगळे लिहिलेले असतात ते वाचा. आणि तुमचा पीसी आत ४०० वॅट वापरत असेल तर एसएमपीएसची एफिशियन्सी धरून भिंतीतून ४५० च्या आसपास खेचतो, वर मॉनिटर वेगळा. स्टॉकवर यूपीएस कसाबसा पुरत होता आणि ओव्हरक्लॉकने तो काठावरून ढकलला, असं फार वेळा असतं.

दुसरी गोष्ट, स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन वेव्ह देत नाही, पायरीपायरीची देतो. आजचे बरे एसएमपीएस सगळे ॲक्टिव्ह पीएफसीवाले (भिंतीतून येणारा करंट आतल्या सर्किटने नीट करून घेणारे), त्यातल्या काहींना ती पायरीची वेव्ह झेपत नाही आणि स्विच होतानाच पीसी बंद पडतो. एसएमपीएस आपल्या कपॅसिटरच्या जोरावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, तोही फुल लोडवर आणि नवीन असताना. यूपीएस जुना असेल, बॅटरी बसलेली असेल, तर त्या वेळात काम होत नाही.

तपासणं सोपं आहे, यूपीएस बाजूला काढा, थेट भिंतीला लावा, तीच टेस्ट. पास झाली तर दोषी सापडला. नवीन घेताना प्युअर साइन वेव्ह बघा आणि वॅटमध्ये ३० टक्के तरी जागा ठेवा.

एसएमपीएस आणि केबल, इथे वेळ द्या

कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस असेल तर त्याच्यावर ओव्हरक्लॉक करूच नका, हे मी हात जोडून सांगतो. त्याच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं, पण तुम्ही खालचा तक्ता वाचा, १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती आहेत. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे तुमच्या कामाचे तेवढेच. लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, गेलात की दुकानदाराला "कितने वॉट का है" विचारू नका, १२ व्होल्टवर किती अँपिअर ते विचारा आणि स्टिकर स्वतः वाचा.

आता मोजायचं कसं. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टची ओळ दिसते, पण बोर्डाचा सेन्सर कधीकधी चक्क चुकीचा आकडा दाखवतो, मी ९ व्होल्ट दाखवणारे बोर्ड पाहिलेत जे मजेत चालू होते, आणि खरंच ९ असते तर ते सुरूच झाले नसते. म्हणून साधा मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. एसएमपीएसचा रिकामा असलेला मोलेक्स कनेक्टर, तो जुना चार भोकांचा, पिवळी काळी काळी लाल. काळा प्रोब काळ्या वायरच्या भोकात, लाल प्रोब पिवळ्याच्या. सगळ्या वायर काळ्याच असतील तर एका टोकाला १२ येतील आणि दुसऱ्या टोकाला ५, जिथे १२ ती आपली. प्रोबची टोकं एकमेकींना लागू देऊ नका. आधी पीसी नुसता पडून असताना आकडा लिहा, समजा १२.१०. मग एकत्र लोड लावा आणि आकड्यावर नजर ठेवा. ११.९५ ला येऊन थांबला तर छान. एटीएक्स या पीसी पॉवर सप्लायच्या स्टँडर्डप्रमाणे १२ व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४० ते १२.६०. पण नुसतं ११.४० च्या वर आहे म्हणून खूश होऊ नका, लोड चालू असताना आकडा हळूहळू घसरतच चाललाय, ११.८, ११.७, ११.६, तर एसएमपीएस दमलाय. मीटर हळू असतो, मायक्रोसेकंदातले झटके त्याला दिसत नाहीत, त्यामुळे मीटर ठीक दाखवतोय म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, पण मीटरने वाईट दाखवलं तर मात्र तो नक्की दोषी.

झटक्यांचा विषय निघालाच आहे तर, मोठी ग्राफिक्स कार्डं क्षणभरासाठी आपल्या रेटिंगच्या दुप्पटसुद्धा खेचतात, सरासरी वापर कमी असला तरी. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये एसएमपीएसने असे दुप्पट झटके थोड्या वेळासाठी सोसले पाहिजेत असं घातलं. जुना पण चांगला ६५० वॅट गेमच्या मेनूमध्येच बंद पडतो, जिथे फ्रेम रेट शेकड्यात जातो, तर कारण हे असू शकतं. फ्रेम रेटला मर्यादा घालून बघा, कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्के करून बघा. बंद पडणं थांबलं तर उत्तर मिळालं.

केबल. पीसी बंद करा, मागचा खटका बंद, प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबा म्हणजे उरलेला चार्ज जाईल. मग प्रोसेसरची १२ व्होल्टची केबल काढा, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली, आठ पिनांची. तिच्या टोकाकडे टॉर्च मारून बघा. पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकला पिवळट-तपकिरी छटा आली आहे का, एखादी पिन आत सरकली आहे का. प्रोसेसर १६५ वॅट घेतोय म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ १४ अँपिअर. आठ पिनांमध्ये चार वायरवर वाटले तर प्रत्येकी साडेतीन, आरामात. पण आठच्या जागी चारच लावले असतील, किंवा दोन पिनांचा कॉन्टॅक्ट गेला असेल, तर उरलेल्या दोघींवर प्रत्येकी ७. आणि त्या पिनेचा कॉन्टॅक्ट ढिला होऊन नुसता ५० मिलिओहम रेझिस्टन्स आला तरी त्या एवढ्याशा पिनेत अडीच वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. ती रोज थोडी भाजते, भाजली की अजून ढिली होते, आणि समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत धातूवर थर लवकर धरतो तो वेगळाच. बोर्डावर आठ पिनांची जागा असेल तर आठही लावा, खट्ट आवाज येईपर्यंत दाबा.

ग्राफिक्स कार्डाला आठ पिनांचे दोन सॉकेट असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलच्या दोन शेपट्या लावू नका. एक आठ पिन १५० वॅटसाठी आहे, स्लॉटमधून ७५ मिळतात, त्यावर ओव्हरक्लॉक केलेलं कार्ड हिशोबाने बसवा. मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावून कार्ड चालवणं तर बिलकुल नको. आणि मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या केबलच्या) एसएमपीएसच्या केबल एका कंपनीच्या दुसऱ्याला लावू नका, बोर्डाकडची बाजू सगळ्यांची सारखी असते पण एसएमपीएसकडची नसते, चुकीच्या केबलने हार्ड डिस्क क्षणात जळतात. एसएमपीएस उघडायचा तर मुळीच नाही, प्लग काढल्यावरही आत जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो.

व्हीआरएम

प्रोसेसर ७५ डिग्री, सगळं ठीक, तरी लोड लावल्यावर थोड्या वेळाने क्लॉक धपकन खाली येतो आणि परत वर जातो. बोर्डाचे व्हीआरएम, म्हणजे १२ व्होल्टचं प्रोसेसरला लागणारं व्होल्टेज करणारे भाग, तापलेत. एचडब्ल्यूइन्फोमध्ये "व्हीआरएम" किंवा "एमओएस" नावाचं टेम्परेचर शोधा, शंभरच्या वर चाललं असेल तर कारण तेच. स्वस्त बोर्डावर हीटसिंकच नसतो. टॉवर एअर कूलर काढून एआयओ (तयार वॉटर कूलर) लावल्यावर हे जास्त होतं कारण आधी कूलरच्या फॅनची हवा व्हीआरएमवरून जात होती ती आता जात नाही. एक फॅन तिकडे हवा मारेल असा लावा, फरक लगेच दिसतो. लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडवर व्होल्टेज खाली पडू न देणारं बायॉसचं सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवायची सवय पण सोडा, लोड सुटताना व्होल्टेज उसळी मारतं, मधली पायरी पुरते.

रायझनवर (एएमडीच्या प्रोसेसरवर) कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचं सेटिंग, खूप मायनस केला असेल तर उलटी गंमत होते, फुल लोडवर पास आणि यूट्यूब बघताना रीस्टार्ट. तिथे मायनस कमी करा, एसएमपीएसला दोष देऊ नका.

फॅन

मुंबईत कूलिंग करायचं तर पहिली गोष्ट मान्य करा की कूलर खोलीच्या टेम्परेचरच्या खाली जात नाही, तो त्याच्या वर किती ते ठरवतो. २५ डिग्रीच्या एसी खोलीत प्रोसेसर ७८ वर असेल तर मे महिन्यात ३४ च्या खोलीत तो ८७ च्या आसपास जाणार, काहीही न बदलता. रात्री एसी लावून ट्यून केलेला ओव्हरक्लॉक दुपारी थ्रॉटल होतो तो याचमुळे.

आणि पीसी ठेवलाय कुठे ते बघा. आपल्याकडे कॉम्प्युटर टेबलला खाली कॅबिनेटसाठी लाकडी खण असतो, मागे भिंत, पुढे दार. त्या खणात पीसीने टाकलेली गरम हवा तोच परत आत ओढतो. खणातून बाहेर काढून टेबलच्या बाजूला ठेवा आणि तीच टेस्ट परत लावा, मग पुढे बोलू. मागे भिंतीपासून वीतभर तरी जागा हवी.

आता फॅन फिरतोय का. एसएमपीएसचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा फॅन फिरत नाही म्हणून लगेच घाबरू नका, नवीन मॉडेलमध्ये कमी लोडला फॅन मुद्दाम थांबतात. लोड लावल्यावर फिरला पाहिजे.

फॅन नेहमी फुल स्पीडने ओरडतोय आणि बायॉसमधून कमी होत नाही? बहुतेक तीन पिनांचा फॅन आहे आणि हेडर (बोर्डावरची फॅन लावायची पिनांची जागा) पीडब्ल्यूएम मोडवर, म्हणजे वेगळ्या सिग्नलने स्पीड ठरवण्यावर, आहे. तीन पिनांचा फॅन पीडब्ल्यूएमचा सिग्नल घेऊच शकत नाही, त्याला हेडर डीसी मोडवर टाका म्हणजे व्होल्टेज कमी करून स्पीड कमी होईल. उलट, फॅन सुरू होताना नुसता थरथरतो, टक टक करतो आणि फिरत नाही, तर डीसी मोडमध्ये खालचं व्होल्टेज फारच कमी दिलंय, बऱ्याच फॅनला सुरू व्हायला ५ ते ७ व्होल्ट लागतात, खालची मर्यादा ६० टक्क्यांवर न्या आणि मग हळूहळू उतरवा.

सुरू करताना "सीपीयू फॅन एरर" येतोय. एकतर फॅन सीपीयू फॅनच्या हेडरवर नाही, किंवा मोठा फॅन इतका सावकाश फिरतोय की बोर्डाला तो बंद वाटतो. बायॉसमध्ये सीपीयू फॅनची लोअर लिमिट असते, ६०० आरपीएमवर असेल तर ३०० वर आणा. एआयओचे फॅन हबवर (अनेक फॅन एकत्र जोडायच्या डबीवर) असतील तर हबची आरपीएमची वायर सीपीयू फॅन हेडरवर आली पाहिजे. एरर कायमचा इग्नोर करून टाकू नका, एक दिवस फॅन खरंच थांबेल तेव्हा तोच तुम्हाला सांगणार आहे.

एका हेडरवर किती फॅन लावायचे, हे पण मोजून. साधारण हेडर १ अँपिअरचा असतो. फॅनच्या मागच्या स्टिकरवर ०.२० किंवा ०.३० अँपिअर असं लिहिलेलं असतं, बेरीज करा आणि ०.८ च्या वर जाऊ नका. जास्त फॅन असतील तर साटा पॉवरवर चालणारा हब घ्या. फॅनच्या दिव्यांची वायर वेगळी असते, तीन पिनांची एआरजीबी ५ व्होल्टची आणि चार पिनांची आरजीबी १२ व्होल्टची, ५ वालीला १२ दिले की दिवे गेले.

फॅन सारखा वर खाली वर खाली, विंडो उघडली तरी भुर्र. प्रोसेसरचं टेम्परेचर क्षणात दहा-पंधरा डिग्री उडतं आणि फॅनचा कर्व्ह (किती टेम्परेचरला किती स्पीड) त्याच्या मागे धावतो. बायॉसमध्ये स्टेप अप टाइम किंवा फॅन डिले नावाचं काहीतरी असेल ते तीन-चार सेकंद करा, आणि कर्व्ह ६० डिग्रीपर्यंत जवळजवळ सपाट ठेवा. कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डाच्या टेम्परेचरवर चालवले तर गेमिंगला जास्त बरं, फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात ते जमतं.

फॅनची दिशा, फ्रेमवर बाण असतात. नसतील तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. आत घेणारे फॅन बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवा आणि त्यांना जाळी लावा, म्हणजे फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. आपल्याकडची धूळ दमट हवेमुळे पात्यांना चिकटून बसते, नुसत्या ब्लोअरने जात नाही, ओलसर कापडाने पुसावी लागते. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, हवेने भन्नाट फिरवलं तर बेअरिंग खराब होतं. फॅन थंड असताना खरखरतो आणि थोड्या वेळाने शांत होतो तर बेअरिंगचं तेल संपत आलंय, तो बदलायचाच.

एआयओ असेल तर पंपाचा आरपीएम बघा, पंप नेहमी फुल स्पीडवर, कर्व्हवर नाही. पंप पूर्ण लूपमध्ये सगळ्यात उंच जागी असेल तर हवा त्यात जमते आणि गुळगुळ आवाज येतो, रेडिएटर वर न्या. आणि दुकानातून असेंबल करून टॅक्सीने किंवा लोकलने घरी आणलेला पीसी असेल तर जड टॉवर कूलरचे स्क्रू एकदा तपासा, धक्क्यांनी कूलर एका बाजूने सैल होतो आणि मग दोन कोअर बाकीच्यांपेक्षा बरेच जास्त तापलेले दिसतात. आणताना कॅबिनेट आडवं ठेवावं, बोर्ड खाली आणि कूलर वर उभा.

परत वर चढताना

एवढं सगळं साफ झालं की सेव्ह केलेली प्रोफाइल एकदम लोड करू नका. आधी फक्त प्रोसेसर, १०० मेगाहर्ट्झच्या पायरीने, रॅम अजून स्टॉकवर, कार्ड स्टॉकवर. प्रत्येक पायरीला टेस्ट आणि एचडब्ल्यूइन्फोचा लॉग चालू ठेवा, म्हणजे बंद पडलाच तर शेवटच्या सेकंदाला टेम्परेचर किती होतं, पॉवर किती होती, सगळं फाइलमध्ये सापडतं. प्रोसेसर स्थिर झाला की रॅम, मग कार्ड. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणती बिघडली ते कधीच कळत नाही.

शेवटची टेस्ट दुपारी, एसी बंद, खिडक्या नेहमी असतात तशा. त्यात पास झालेलं सेटिंग रोजचं म्हणून सेव्ह करा. थंडीत किंवा एसीत १००-२०० मेगाहर्ट्झ जास्त मिळत असतील तर त्याची दुसरी प्रोफाइल ठेवा, बायॉसमध्ये जागा असते, नाव द्या आणि मार्च लागला की पहिल्यावर परत या.